एकतीस जुलैपर्यंत

बफेलो, १४ ऑगस्ट १९९१

ऑरिन,

परवा फोन केला होता. रोंडानं उचलला. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "तो झोपलाय," आणि ठेवून दिला. दुपारचे अडीच वाजले होते. असो. औषधांनी झोप येत असेल.

शुक्रवारी आमचीही मॅच होती. मोझच्या खिशातल्या रेडिओवर लुइव्हिलचं स्टेशन खरखरत होतं. तिकडे जाऊन तुझी दुसरीच मॅच, म्हणून बुलपेनच्या बाकावर मी आणि सगळे पिचर कान लावून बसलो होतो. तिसऱ्या डावात तो निवेदक म्हणाला, "टॅकेट खाली बसलाय. उजवा हात पोटाशी धरलाय. आतून कुणीतरी धावत येतंय." मोझनं रेडिओ बंद केला. मग बाकाजवळचा फोन वाजला, एकाला हात गरम करायला उठवलं, मी समोर बसलो आणि त्याचे पहिले दोन चेंडू माझ्या हातून सुटले.

पेपरात आलं की कोपराचं लिगामेंट तुटलं, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. बेसबॉलचं पान लिहिणाऱ्या त्या पेपरवाल्यानं मलाही गाठलं. म्हणाला, "कॅझ, मॅचमध्ये पकडणारे कॅचर दर वर्षी बदलले. पण मॅचआधी बुलपेनमध्ये हात गरम करताना, मधल्या दिवशी सराव करताना, सहा वर्षं टॅकेटच्या समोर उकिडवा बसलेला माणूस तू. तुला काहीच जाणवलं नाही?"

मी म्हटलं, नाही. तुलाही तेच सांगतो. हात नेहमीसारखाच होता. असल्या गोष्टी अचानकच होतात.

तू गेल्यापासून इथं शुकशुकाट आहे. जुलैत तुझ्या ट्रेडच्या अफवांनी निदान करमणूक तरी व्हायची. रोज सकाळी पेपर तुला नव्या गावाच्या क्लबाला देऊन टाकायचा. सोमवारी टोरांटो, मंगळवारी सेंट लुइस, बुधवारी कुठंच नाही. मोझनं तुझ्या कपाटावर नकाशा चिकटवला होता आणि रोज टाचणी हलवून विचारायचा, "काय पाव्हणं, आज कोणत्या गावचे?" तू हसायचास. रोंडा मात्र हसत नव्हती. तिनं तुमच्या लग्नातला तो वॉफलचा साचा तीनदा खोक्यात भरला आणि तीनदा बाहेर काढला.

काळजी घे. वडिलांच्या छातीचं कसं आहे? आता त्यांच्याजवळ आलास ते एक बरं झालं.

कॅझ

बफेलो, २ सप्टेंबर १९९१

ऑरिन,

उत्तर येईल असं धरलंच नव्हतं. शस्त्रक्रिया झाल्याचं वाचलं. मनगटातली शीर काढून कोपरात ओवली म्हणे. वर्षभर तरी बॉल हातात नाही, आणि बत्तिसाव्या वर्षी पुढचं कुणी सांगू शकत नाही, असंही लिहिलंय. लिहिणाऱ्याचं वय चोवीस असेल.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला काही जाणवलं नव्हतं. ते खरं नाही.

तुला ठाऊकच आहे की ते खरं नाही, म्हणून तर तू फोनवर येत नाहीस. पण मी लिहून टाकलं आणि पाकीट चिकटवलं. सवय लागली की असं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दौऱ्यावर होतो, उकाडा मरणाचा. तुझा फास्ट बॉल माझ्या चामडी मोज्यात, मिटमध्ये, यायचा तेव्हा सुतारानं लाकडावर फळी आपटावी तसा आवाज व्हायचा. त्या दिवशी ओल्या टॉवेलसारखा झाला. एकदा नाही, पाचसहा वेळा. मग तुझ्याकडे बघायला लागलो. कॉफीचा कप तू डाव्या हातानं उचलत होतास. शर्टाचं वरचं बटण उघडंच. गाडीचं दार डाव्या हातानं ओढून घेतलंस.

तीन दिवसांनी सामानाच्या खोलीत मी तुला विचारलं. तू आधी दार लावून घेतलंस.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मे."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"थोडं अवघडलंय म्हणून सांगितलं. त्यानं मलम दिलं." मग तू बॅटांच्या पेटीवर बसलास. "कॅझ, लुइव्हिलवाले मला मागतायत. तीन वर्षांचा करार देतायत. इथं ऑक्टोबरात माझं संपतंय, मालक हॅलोरन एक दिवस पुढे देणार नाही. म्हातारा पाइकव्हिलला नळी लावून पडलाय. लुइव्हिलहून चार तासांची गाडी आहे, इथून अकरा. ट्रेडची मुदत एकतीस जुलै. तोवर मी निभावून नेतो. तू फक्त तोंड बंद ठेव."

"आणि तुटलं तर?"

"तुटलं तर माझं तुटेल."

मी मान डोलावली. वाटलं, मित्राचं काम केलं. आणि खरं सांगू का, मला थोडं बरंही वाटलं. अख्ख्या क्लबात ही गोष्ट फक्त दोघांना माहीत, आणि त्यातला एक मी. मी मोठ्या लीगमध्ये एकंदर अकरा दिवस खेळलो, ऑरिन. माझ्यावाचून कुणाचं काही अडावं, असं मला फार वेळा झालेलं नाही.

लोटी खालून ओरडतेय. बटाटा भरून पिरोगी उकडलेत, गार होतायत. बहिणीच्या घरी राहायचं म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षीही ताटावर हजेरी लावावी लागते.

कॅझ

बफेलो, १९ सप्टेंबर १९९१

ऑरिन,

आम्ही काल परत हरलो. शेवटून पहिले आहोत. स्टँडमध्ये माणसांपेक्षा सीगल जास्त.

मागच्या पत्रात मी असं लिहिलं की जणू मी फक्त गप्प बसलो. लोटीला वाटतं मी प्रेमपत्रं लिहितोय. काल तिनं एक कोरा कागद उचलून उजेडात धरून बघितला. म्हणाली, "कबुलीजबाब द्यायचा असेल तर चर्चात जा. तिथं निदान तिकीट लागत नाही." मी म्हटलं, चर्चातल्या माणसाचं मी काही बिघडवलेलं नाही.

तेव्हा ऐक.

बावीस जुलैला हॅलोरनसाहेबांनी मला वर बोलावलं. मी नऊ वर्षांत त्या खोलीत दोनदा गेलो असेन. ते चष्मा पुसत होते.

"कॅझ, लुइव्हिलचा माणूस येतोय. प्रूइट. टॅकेटबद्दल तो तुला विचारेल. डॉक्टरवर कोण विश्वास ठेवतो? बुलपेनमधल्या माणसावर ठेवतात."

"मी काय सांगू साहेब?"

"बॉल कसा येतो ते."

"आणि वाईट येत असेल तर?"

ते पुसायचे थांबले. "येतोय का वाईट?"

मी उभाच होतो. गुडघ्यांत कळ येत होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला कळलं, यांनाही अंदाज आहे. त्यांना फक्त ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हटलं.

"मग झालं तर. पुढच्या वर्षीचं तुझं काय ठरलंय? बसू कधीतरी."

चोवीसला सकाळी मी नेहमीच्या खानावळीत अंडी खात होतो. प्रूइट येऊन शेजारच्या स्टुलावर बसला. भला माणूस वाटला. पंचवीस वर्षं गावोगाव हिंडून पोरांचे हात पारखतोय, म्हणाला. स्वतःचाही हात एकविसाव्या वर्षी गेला. कोपरावरची खूण दाखवली मला. मग म्हणाला, "कागद मी बघितलेत. हाडांची चित्रं मार्चमधली आहेत. मला चित्रं नकोत. तू सांग. माझ्या जागी तू असतास तर त्याला घेतला असतास?"

मी तुला सांगणार होतो की मी नुसतं "हो" म्हटलं. आत्तासुद्धा लिहिता लिहिता तसंच लिहिणार होतो.

मी माझा डावा अंगठा त्याच्यापुढे धरला. टम्म सुजला होता, नख काळंनिळं. म्हटलं, "हे बघ. टॅकेटचं काम आहे. जुलै संपत आला तरी असा येतोय बॉल. मी तर म्हणतो घेऊन जा त्याला, माझी हाडं वाचतील."

तो हसला. माझ्या अंड्यांचे पैसे त्यानं दिले.

तो अंगठा मोझनं सुजवला होता, आदल्या रात्री, एका वेड्यावाकड्या चेंडूनं. तुझ्या चेंडूनं त्या महिन्यात माझं नखसुद्धा लाल झालं नव्हतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी हॅलोरननी मला दोन वर्षांचा करार दिला. नऊ वर्षं मी एकेका वर्षावर काढली. मी मागितला नव्हता. पण नको असंही म्हणालो नाही. सही करताना पेन त्यांचंच होतं.

कॅझ

बफेलो, १३ ऑक्टोबर १९९१

ऑरिन,

काल रोंडाचा फोन आला. तुला माहीत आहे की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगतो. नेहमी ती "कसे आहात, गुडघे काय म्हणतात" असं सुरू करायची. काल सरळ म्हणाली, "कॅझ, पत्रं बंद करा."

मी विचारलं, "तो वाचतो?"

"गॅरेजमध्ये गाडीत बसून वाचतो. मग डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो आणि कुलूप लावतो. मला काल किल्ली सापडली."

मला बरं वाटलं, एवढंच आधी वाटलं. तू वाचतोस.

"लुइव्हिलवाले करार फाडायला निघालेत," ती म्हणाली. "म्हणतात, हात गेलाय हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, त्यानं लपवलं. लवादापुढे गेलंय प्रकरण. ऑरिननं लिहून दिलंय की काहीच ठाऊक नव्हतं. आणि आमच्या गाडीत तीन पत्रं आहेत, तुमच्या अक्षरात, की ठाऊक होतं! मे महिन्यापासून! उद्या त्यांनी कागद मागितले तर?"

"मी माफी मागत होतो, रोंडा."

"माफी मागताय की त्याला फासावर चढवताय?"

मग ती रडायला लागली. ती म्हणाली, तू म्हाताऱ्याला घरी घेऊन आलायस, समोरच्या खोलीत त्याचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस घुरघुरतं. करार गेला तर ते घर जाईल. म्हणाली, तू डाव्या हातानं त्याची दाढी करतोस आणि तो तुला शिव्या घालतो. "त्या शिव्या ऐकूनच ऑरिन हसतो," ती म्हणाली. "बाकी कशानं नाही."

फोन ठेवायच्या आधी मी तिला विचारलं, ऑरिनचा राग नेमका कशाचा आहे? प्रूइटशी मी खोटं बोललो त्याचा? ती म्हणाली, "त्याचा कसा असेल? ते त्यालाच हवं होतं. तो एकच म्हणतो, मी कॅझला विचारलं होतं."

हो. विचारलं होतंस.

लुइव्हिलचे वकील मला बोलावणार आहेत. शपथेवर सांगावं लागेल. मी काय सांगणार ते माझं ठरलंय, तू त्याची चिंता करू नकोस. पण एकदा तिथं जाऊन "असं काही झालंच नाही" म्हटलं, की मग त्याची माफी मागायचीसुद्धा सोय उरणार नाही. म्हणून रोंडानं नको म्हटलं तरी हे एक लिहितोय.

सव्वीस जुलै, शुक्रवार. मैदान रिकामं होतं, माळी पाणी मारत होते. तू वीस चेंडू टाकलेस. मग चालत माझ्यापर्यंत आलास आणि बॉल माझ्या हातात दिलास. तोंडाचा रंग उडाला होता.

"कॅझ, उद्या ट्रेड जाहीर होतोय. हॅलोरननं सांगितलं. खरं सांग. हा हात टिकेल का? तू म्हणालास टिकणार नाही, तर मी आत्ता वर जातो आणि डॉक्टरला सगळं सांगतो. खड्ड्यात गेला करार. म्हाताऱ्याचं काहीतरी बघू. तुझ्याइतका हा हात मलासुद्धा ठाऊक नाही."

मला सगळं ठाऊक होतं. शेवटच्या सहा चेंडूंना तू बोटं नीट मिटतसुद्धा नव्हतास. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बघितलं असतं तर कदाचित विश्रांतीवर भागलं असतं. कदाचित नसतं. मला माहीत नाही. पण मी "टिकणार नाही" म्हटलं असतं तर दोन दिवसांपूर्वी प्रूइटला जे सांगितलं ते काय होतं, हे सगळ्यांनी विचारलं असतं. हॅलोरननी विचारलं असतं. तू विचारलं असतंस.

मी म्हटलं, "बॉल छान येतोय. जा तू."

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. डावा. आणि गेलास.

जूनमध्ये मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी. प्रूइटशी खोटं बोललो ते अर्धं तुझ्यासाठी, अर्धं माझ्यासाठी. पण सव्वीस जुलैला जे बोललो ते संपूर्ण माझ्यासाठी. त्याची माफी मागतो. तू देऊ नकोस हवं तर. पण मी मागितली होती, एवढं तुझ्याजवळ असू दे.

आणि कागदावर असू देऊ नकोस. हे आणि आधीची तिन्ही आजच जाळ. कप्प्यात ठेवू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस. जाळ, आणि रोंडाला समोर उभी कर, म्हणजे तिला झोप लागेल.

कॅझ

बफेलो, ७ नोव्हेंबर १९९१

प्रिय ऑरिन,

तू इथून गेल्यापासून आपली गाठभेट नाही, बोलणं नाही. काल इथल्या एका हॉटेलात लवादापुढे माझी जबानी झाली. तुझं नाव त्यात येणारच होतं, तेव्हा मी काय सांगितलं ते तुला पेपरातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो.

लुइव्हिलच्या वकीलबाई हुशार आहेत. पाणी पिऊन सुरुवात केली.

"टॅकेटनं तुम्हाला कधी सांगितलं, हात दुखतोय म्हणून?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"पिचर लोक कॅचरला असलं सांगत नसतात, बाई. बायकोलाही सांगत नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या तळहाताला कळलं. जूनपासून बॉल हलका येत होता."

"म्हणजे ज्याचा हात त्याला कळलं नाही, आणि तुम्हाला कळलं?"

"बाई, नवरा घोरतो हे बायकोला कळतं. नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, मी तर कधीच घोरत नाही."

लवादसाहेब हसले. टायपिंग करणारी मुलगीही हसली. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही त्याला सावध केलंत?"

"नाही."

"त्यानं तुम्हाला कधी विचारलं, हात कसा वाटतो?"

"नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं."

हे मी शपथेवर सांगितलं, बायबलवर हात ठेवून.

मग प्रूइटचा विषय निघाला. मी काही लपवलं नाही. तो अंगठा दुसऱ्याच पिचरनं सुजवला होता हेही सांगितलं. प्रूइट मागे बसला होता. त्यानं मान खाली घातली. मला त्याचं वाईट वाटलं. त्याचीही नोकरी राहील असं दिसत नाही.

"खोटं का बोललात?" बाईंनी विचारलं.

"मालकांची तशी इच्छा होती, आणि मला दोन वर्षांचा करार हवा होता. तो मिळाला. तारीख बघा, कागद तुमच्यापुढेच आहे."

हॅलोरन चष्मा पुसत होते. ते एकदाही वर बघेनात.

बाहेर आल्यावर खेळाडूंच्या संघटनेचा वकील, तुझा तो उंच माणूस, माझ्या मागोमाग आला. म्हणाला, "निकाल डिसेंबरात लागेल. पण टॅकेटचा करार वाचला असं समजा. लुइव्हिलवाले आता वसुलीला तुमच्या क्लबाच्या मागे लागतील." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुम्हाला मात्र आता कुणी बुलपेनमध्ये उभं करणार नाही." मी म्हटलं, तिथं बसायचंच काम असतं.

आज सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझं सामान खोक्यात घालून दिलं. मिट दिली नाही, ती क्लबची म्हणे. लोटीनं बाजारातल्या तिच्या गाळ्यावर मला लावून घेतलंय. सॉसेज कापायचे, तोलायचे, कागदात बांधायचे. दिवसभर उभं राहणं आहे. गुडघे म्हणतात, हे आधीच का नाही केलंस? दुपारी एक गिऱ्हाईक ओळखून म्हणालं, "तूच ना तो खोटारडा?" मी म्हटलं, "हो. किती देऊ?" त्यानं दोन पौंड घेतले.

तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. रोंडाला सांग, काळजीचं कारण नाही.

एवढी वर्षं एकत्र काढली, पण तुला लिहायचा प्रसंग कधी आला नव्हता. कसं लिहावं ते नीट कळत नाही, काही चुकलंमाकलं असेल तर समजून घे. हे माझं तुला पहिलंच पत्र.

तुझा,
कॅसिमिर दुदेक